अंगठा, करंगळी, चवडा, टाच

रोग्यांना विचारून संशोधन ठरवायचं, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला. नुसतं हसू आलं असतं तरी चाललं असतं. पण राग आला, आणि तो मी लपवलाही नाही. समोर नागपूरहून आलेले तरुण डॉक्टर बसले होते. मी त्यांना म्हटलं, "साहेब, रोग्याने गोळी खायची असते. काय शोधायचं ते तुम्ही शोधा, आकडे मी देतो. यात त्यांचं काय काम?"

"काम आहे की नाही, तेच त्यांना विचारू," डॉक्टर म्हणाले. वयाने माझ्यापेक्षा लहान माणूस, आणि मला शिकवत होता.

तेव्हा मला कुष्ठरोगाच्या कामात आठ-नऊ वर्षं झाली होती. एकोणीसशे सत्तरनंतरच्या दशकात मी या नोकरीत लागलो आणि ऐंशीनंतरही त्याच सायकलवर त्याच गावांना जात होतो. सानगडीच्या आसपासची धानाची गावं माझ्याकडे होती. कॅरिअरला पिशवी, पिशवीत पांढऱ्या गोळ्या, कापूस, टाचणी, चिमटा आणि रजिस्टर. मी मूळचा पवनीकडचा, इथली बोली माझ्या घरचीच. पण नोकरी लागल्यापासून मी पुस्तकी मराठी बोलू लागलो होतो, तेवढाच रुबाब. लोक मला 'गोळीवाले गुरुजी' म्हणत. गुरुजी म्हणत यात मला काही वावगं वाटत नसे. उलट बरंच वाटे.

माझं काम दोन भागांत होतं. महिन्याच्या गोळ्या द्यायच्या आणि तळपायाची परीक्षा घ्यायची. रोगी रांगेत बसत, एकेक जण पाय लांब करी आणि डोळे मिटी. मी कापसाची वळलेली वात तळपायाला हलकेच टेकवी आणि 'हं' म्हणे. जिथे स्पर्श झाला तिथे रोग्याने बोट ठेवायचं. पायाला चार जागा: अंगठा, करंगळी, चवडा, टाच. आधी उजवा पाय, मग डावा. बोट बरोबर जागी पडलं तर रजिस्टरात 'ठीक'. चुकलं तर त्या जागी बधिरपणा आला असं समजायचं.

बधिरपणा का शोधायचा, तेही सांगतो. गोळीने रोगाचे जंतू मरतात, पण गोळी चालू असतानाही एखाद्याची नस सुजते आणि हळूहळू मरते. ते दोन-चार महिन्यांत ध्यानात आलं तर दुसरं औषध आणि विश्रांती देऊन पाय वाचवता येतो. उशीर झाला की तो पाय जन्माचा मुका. मग माणूस काट्यावरून चालतो, निखाऱ्यावर उभा राहतो, त्याला कळत नाही. जखम चिघळते, हाड सडतं, बोटं जातात. म्हणजे त्या वातीवर माणसाचा पाय अवलंबून होता. हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं आणि मी ते परीक्षेत चांगल्या अक्षरात लिहिलंही होतं.

प्रत्यक्षात मी काय करत होतो? कोणाचं बोट चुकलं की मी भर रांगेत ओरडत असे, "गोळ्या खात नाहीस! फेकून देतोस नाल्यात!" गोळी खाऊनही नस मरू शकते, हे मला पाठ होतं. तरीही मी ओरडत असे. आणि बोट बरोबर पडलं की तोंड भरून 'शाब्बास' म्हणत असे. शिस्त लागावी म्हणून करत होतो, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं तर मला ओरडायला आवडत होतं.

माझं रजिस्टर देखणं होतं. रांगेने 'ठीक, ठीक, ठीक'. इतर ठिकाणी दरवर्षी काही जणांचे पाय बधिर होत होते, माझ्या गावांत कुणाचेच होत नव्हते. नागपूरचे डॉक्टर नेमके त्यामुळेच आले होते. त्यांनी बऱ्याच भागांची रजिस्टरं चाळली होती आणि माझ्यापाशी येऊन थांबले होते. या गावांत असं काय आहे, जे नसांना वाचवतं? तलावाचं पाणी? लाखोळीची डाळ? उकडा तांदूळ? त्याचा अभ्यास करायचा होता. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. तिने माझा सदरा इस्त्री करून ठेवला. कुठल्या तरी मोठ्या मासिकात आपलं नाव छापून येणार, अशी स्वप्नं मी पाहू लागलो होतो.

फक्त डॉक्टरांचं एक खूळ होतं. प्रश्नावली पक्की करण्याआधी चार-सहा रोग्यांना ती वाचून दाखवायची आणि काय विचारावं, कसं विचारावं, हे त्यांच्याकडूनच समजून घ्यायचं. पहिली बैठक त्यांनी श्रावणात ठेवली. कुणीही आलं नाही. "बघा," मी म्हटलं, "यांना आस्थाच नाही." रोवण्याचे, म्हणजे धानाच्या लावणीचे, दिवस होते, गावातलं उभं माणूस बांधीत, चिखलाच्या खाचरात, वाकलेलं होतं, हे मला ठाऊक होतं. पण डॉक्टरांना मी ते सांगितलं नाही.

दुसरी बैठक पौषात, धान चुरून, मळणी आटोपल्यावर, एका रविवारी शाळेच्या पडवीत झाली. सहा जण आले. त्यांतले दोघं सांगण्यासारखे. एक तलावात मासे धरणारा म्हातारा. त्याला सगळे काकाजी म्हणत आणि त्याच्या तोंडाला कायम हसू चिकटलेलं असे. दुसरी एक बाई, चाळिशीतली, रोवणा करणाऱ्या बायकांच्या टोळीची पुढारीण. नवरा वारलेला, सासू अंथरुणाला खिळलेली, दोन मुली हाताखाली आलेल्या. कोणत्या बांधीत कोण जाणार, कुठून सुरू करायचं, सगळं ती ठरवी. चिखलात तिच्याइतकं भराभर कुणी चालत नसे. माझ्या रजिस्टरात ती पहिल्या पानावर होती आणि आठ वर्षं तिच्यापुढे मी 'ठीक' लिहीत आलो होतो. तिचा पाय ही माझी कमाई, असं मी मनातल्या मनात समजत असे.

डॉक्टर सतरंजीवर बसले. मी खुर्चीवर बसलो, नेहमीप्रमाणे. चहा आला. डॉक्टरांनी रोग्यांच्याच किटलीतला चहा त्यांच्याच कपांतल्या एका कपातून घेतला, तेव्हा सगळे त्यांच्या हाताकडे बघत राहिले. मग डॉक्टरांनी आराखडा समजावून सांगितला. तुमच्या गावांत पाय बधिर होत नाहीत, ही फार मोठी गोष्ट आहे, ते म्हणाले. त्याचं कारण आपण मिळून शोधू. तुम्ही पाणी कुठलं पिता, लाखोळी किती खाता, असं विचारायचं आहे. अजून काय विचारावं, ते तुम्ही सांगा.

काकाजी हसू लागला. आधी तोंड दाबून, मग मोकळाच.

"कायले हासून राहिले जी काकाजी?" बाई त्याच्यावर डाफरली.

"सांगून टाक ना वं बाई," तो डोळे पुसत म्हणाला. "नाई तं साहेब उगाच लाखोळी शोधत फिरतीन."

बाईने माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी रागावतीन."

"कुणी रागावणार नाही," डॉक्टर म्हणाले. सगळं ऐकू येत होतं, पण हे काय चाललंय ते मला समजेना.

बाई म्हणाली, "साहेब, लाखोळीनं काई होत नाई. आमाले गुरुजीचा हात पाठ आहे."

डॉक्टरांनाही कळलं नाही. मग तिने काकाजीला पाय लांब करून डोळे मिटायला सांगितलं. स्वतः दोन हात दूर बसली, हात मांडीवर ठेवले, आणि म्हणाली, "हं."

तो 'हं' माझा होता. तोच नाकातला सूर, तीच घाई. काकाजीने बोट अंगठ्यावर ठेवलं.

"हं." करंगळी.

"हं." चवडा.

"हं." टाच.

मग डावा पाय, त्याच क्रमाने. कुणी त्याच्या पायाला स्पर्शसुद्धा केला नव्हता. आठही जागा बरोबर. काकाजीने डोळे उघडले आणि परीक्षेत पास झाल्यासारखा माझ्याकडे पाहून हसला.

खुर्चीचा हात मी घट्ट धरला होता, एवढं आठवतं. हे खोटं आहे, असं म्हणावंसं वाटलं, पण ते खोटं नव्हतं. आठ वर्षांत मी एकदाही क्रम बदलला नव्हता. का बदलला नव्हता? रजिस्टरातले रकाने त्याच क्रमाने होते, लिहायला सोपं पडे. दुसरं काही कारण नाही. लिहायला सोपं पडे म्हणून.

"हे किती जणांना येतं?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"साऱ्यायले येते जी," बाई म्हणाली. "मीनंच शिकवलं. गुरुजी याच्या आदल्या दिवशी सारे माझ्या आंगणात बसत. मी 'हं' म्हनो, ते बोट ठेवत. नवा रोगी आला का त्याले आधी हेच शिकवाव लागे."

"पण का?" मी ओरडलो. हो, तेव्हाही मी ओरडलोच.

ती घाबरली नाही. "तुमी ओरडता म्हणून. ज्याचा पाय जाये तो अगोदरच भेलेला राहे. त्याच्यात तुमी साऱ्यायसमोर म्हणत, गोळ्या फेकल्या. त्यानं तं एक गोळी चुकवली नाई राहे. मंग तुमी चिठ्ठी देत, मंग दवाखान्याची जीप येऊन दारात उभी राहे. जीप आली का साऱ्या गावाले मालूम. पोरीचं लगन मोडते, रोवण्याले कोणी बलावत नाई. त्याच्यापक्षा बोट बरोबर ठेवलेलं बरं, नाई का?"

काकाजी मध्येच म्हणाला, "आन् बोट बरोबर पडलं का तुमी खुश होत ना, गुरुजी. शाब्बास म्हणत. आमाले जिंदगीत कोणी शाब्बास नाई म्हटलं."

हे ऐकून मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी उठून निघून गेलो असतो. पण ही माणसं माझ्या एका शब्दासाठी आपले मेलेले पाय माझ्यासमोर जिवंत करून दाखवत होती, आणि मी ते सुबक अक्षरात उतरवून घेत होतो. मी खुर्चीवरून उतरून सतरंजीवर बसलो. मोठेपणा म्हणून नाही. त्या खुर्चीवर बसवेना.

डॉक्टरांनी आराखड्याचे कागद उलटे करून ठेवले. पडवीसमोरच्या झाडाखाली एक गाय रवंथ करत उभी होती, तिच्याकडे सगळे बघत होते. मग डॉक्टर म्हणाले, "माझा प्रश्नच चुकला. आता तुम्ही सांगा, काय शोधायचं?"

मला वाटलं, आता ही माणसं गप्प बसतील. पण तसं झालं नाही. कुणाचा पाय कधी गेला ते आम्हाला माहीत आहे, आम्हाला विचारा, एक जण म्हणाला. पाय जाण्याआधी रात्री पोटरीत मुंग्या येतात, ते गुरुजी कधी विचारतच नाहीत, दुसरा म्हणाला. पाय रोवण्यात जातो की कापणीत, ते लिहा, काकाजी म्हणाला. बाई म्हणाली, रांगेत बसवू नका, एकेकाला बसवा, आणि 'नाई कळलं' म्हणणाऱ्यालाही शाब्बास म्हणा. डॉक्टर उलट्या ठेवलेल्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर भराभर लिहून घेत होते. पुढे नागपूरला जो अभ्यास मांडला गेला त्यात यातलं पुष्कळ आलं. मी इतकी वर्षं ज्यांचे पाय मोजत होतो त्यांना इतकं सगळं माहीत होतं, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं.

हात पाठ होऊ नये म्हणून काय करायचं, तेही बाईनेच काढलं. एका थैलीत दाणे भरायचे. चिंचोका म्हणजे अंगठा, धान म्हणजे करंगळी, लाखोळी म्हणजे चवडा, एरंडीचं बी म्हणजे टाच. त्यांत थोडे खडेही टाकायचे. एकाने थैलीतून दाणा काढून मला दाखवायचा, बोलायचं नाही. जो दाणा निघेल तिथे मी वात टेकवायची. खडा निघाला तर हात लावायचाच नाही. 'हं' तर म्हणायचंच नाही.

"पयले गुरुजीची परीक्षा," काकाजी म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी वहाणा काढल्या, पाय लांब केला, डोळे मिटले. आठ वर्षांत पहिल्यांदा. काळोखात बसलं की माणूस किती उघडा पडतो! सगळे आपल्याकडे बघताहेत, आपलं चुकू नये, एवढंच डोक्यात येतं. थोड्या वेळाने करंगळीपाशी मला स्पष्ट स्पर्श जाणवला. मी बोट ठेवलं. हशा पिकला. डोळे उघडून पाहतो तर काकाजीच्या तळहातावर खडा. कुणीही मला हात लावला नव्हता. स्पर्श झाला, असं मी शपथेवर सांगितलं असतं.

मग एकेकाची परीक्षा झाली. काकाजीचे दोन्ही पाय गेलेले. ते त्याला माहीत होतं. दुसऱ्या एकाची डावी टाच गेलेली, दोन महिन्यांपूर्वीच. त्याला डॉक्टरांनी तिथल्या तिथे औषध सुरू केलं, आणि त्याचा पाय पुढे बऱ्यापैकी वाचला. दोघा-तिघांचे पाय चांगले निघाले.

बाई शेवटी बसली. "माझं काई नाई जी," ती म्हणाली. "मी बाकीच्यायसाठी शिकवत होती. मले तं कळते, तुमचा हात कवा कुठं येते ते." हे ती खोटं बोलत नव्हती. इतक्या वेळा 'हं' म्हणून आणि इतक्या वेळा बोट ठेवून तिला ते खरंच कळतंय असं वाटू लागलं होतं.

तिने उजवा पाय लांब केला आणि डोळे मिटले. काकाजीने थैलीत हात घातला. लाखोळी. मी चवड्याला वात टेकवली. बाईचं बोट हललं नाही. चिंचोका निघाला, मी अंगठ्याला टेकवली. बोट हललं नाही. धान, एरंडी, पुन्हा चिंचोका. मी वात ठेवून दिली आणि खिशातल्या पेनाचं टोक दाबलं. तिचा चेहरा शांत होता, कान देऊन बसलेल्या माणसाचा असतो तसा. टाचेवर पेन दाबताना मला एक काळा ठिपका दिसला. बाभळीचा काटा होता, आतवर मोडलेला, भोवतीचं मांस पांढरं पडलेलं. किती दिवसांचा होता कोण जाणे. त्याच पायाने ती दोन कोस चालत आली होती. मी चिमटा घेतला आणि तो ओढून काढला. बाहेर यायला त्याने चांगला जोर खाल्ला. मागोमाग रक्त आलं, पू आला. डॉक्टर माझ्याजवळ सरकले होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

बाई तशीच डोळे मिटून बसली होती, बोट वर धरून.

"काहून जी काकाजी," ती हसून म्हणाली, "सारे खडेच काढून राहिले का?"

काकाजी पहिल्यांदाच हसत नव्हता. काढलेले दाणे त्याने सतरंजीवर ओळीने मांडून ठेवले होते. लाखोळी, चिंचोका, धान, एरंडी, पुन्हा चिंचोका. त्यात खडा एकही नव्हता.